व्होंद्राबाईंचं स्वयंपाकघर

कोच लायल हार्टुंग मुलगा संघात घ्यायचे ते त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या मक्याच्या शेतांमधून गाडी हाकत जायचे, टेबलापाशी बसायचे, पुढ्यात येईल ते खायचे. मग म्हणायचे, "बाई, पोरगा पदवी घेऊनच परत येईल. तोवर माझा."

आमच्या लहानशा कॉलेजचा फुटबॉल संघ त्यांनी असा उभा केला. केस पिकल्यावर त्यांना क्रीडासंचालक केलं. शिट्टी गेली, टाय आला. तो त्यांना कधीच धड बांधता आला नाही. मी साहित्यात पदवी घेऊन त्यांच्या कचेरीत सामन्यांच्या बातम्या लिहायचो. मला ते 'कवी' म्हणायचे.

या हिवाळ्यात विश्वस्तांनी संघ बंद केला. पोरांच्या घरी पत्रं पाठवा, म्हणाले.

"शब्द तोंडाने दिलाय, तोंडानेच मोडायचा," कोच म्हणाले. "कवी, तू चालव. माझे डोळे हल्ली रस्ता सोडून आभाळ बघतात."

घरोघर गेलो. एक बाप गोठ्याच्या दारातूनच म्हणाला, "तुमच्यापेक्षा आमच्या गाई बऱ्या. वेळेवर घरी तरी येतात."

"खरंय," कोच म्हणाले. टोपी हातातच होती.

कुणी कॉफी विचारली तर नको म्हणायचे. गाडीत मला म्हणाले, "शब्द मोडायला आलेल्याने खाऊ नये."

शेवटचं घर व्होंद्रांचं. त्यांच्या मुलाला, ट्रॅव्हिसला, कोचनीच संघात आणलं होतं. वाटेत मी पेट्रोल भरलं, पैसे देऊन आलो. कोच मान टाकून बसले होते, टोपी मांडीवर. झोपलेत असं वाटलं. हाक मारली. पुन्हा मारली.

दफन झाल्यावर व्होंद्रांकडे एकटाच गेलो. बाईंनी दार उघडलं. टेबलावर कोलाचे होते, खसखस भरलेले गोड पाव, फडक्याखाली झाकलेले.

"त्या दिवशी भाजले होते," त्या म्हणाल्या. "ते येणार म्हणून. टाकवेनात."

"कशासाठी येणार, ते ठाऊक होतं?"

"अख्ख्या गावाला ठाऊक होतं."

"तरीही?"

"मग काय, म्हाताऱ्याला उपाशी धाडायचं?"

मी उभ्यानेच सांगितलं. कोच प्रत्येक घरी म्हणायचे तेच. "बाई, तुम्हाला दिलेला शब्द मोडायला आलोय."

त्यांनी मान हलवली. खुर्ची ओढली, बशी पुढे केली.

"खा."

"कोच खात नव्हते."

"माझ्याकडे खाल्लं असतं. बस, पोरा."

बसलो. कोलाचे दगड झाले होते. घास चावत राहिलो. बाई समोर बसून राहिल्या. रिकाम्या खुर्चीपुढे दुसरी बशी त्यांनी तशीच भरून ठेवली होती.