लेट आणि क्रॉसिंग

लिहिण्याचा माझा अनुभव संगणक कंपनीतल्या सूचनापुस्तिकांपुरता. निवृत्तीनंतर, काहीशा संकोचानेच, मी मिरज लाईनीवरच्या एका लहानशा स्टेशनाचा इतिहास लिहायला घेतला. वडील तिथे स्टेशनमास्तर होते. लाईन दुहेरी झाली आणि स्टेशन बंद झाले. ते पाहायला वडील नव्हते. त्यांच्या हाताखालचे, गाडीला रूळ बदलून देणारे सांधेवाले काका तेवढे हडपसरला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. त्यांना पटले तरच मजकूर इतरांना दाखवायचा, नाहीतर फाडून टाकायचा, असे ठरवून मी वारज्याहून निघाले.

काकांनी डोळे मिटून ऐकले. सीताफळांच्या पाट्या, फलाटावरचा कडुनिंब, कशालाच त्यांची हरकत नव्हती. तिसऱ्या पानावर मी वाचले, ‘सकाळची पॅसेंजर येथून बहुधा उशिरा सुटे.’ त्यांनी हात वर केला.

“लेट म्हंता व्हय, ताई?”

मी चाचरत म्हटले की आम्हा मुलांना शाळेत पोचायला रोज उशीर होई, त्यावरून लिहिले.

“उशीर तुमचा. गाडी लेट न्हवती, क्रॉसिंगला हुती.”

मग त्यांनी शांतपणे समजावले. रूळ एकच, समोरून गाडी निघालेली असताना आपली सोडायची नाही. ती आत येईपर्यंत थांबवून धरणे हेच स्टेशनाचे काम. लेट हा मास्तरवरचा ठपका, क्रॉसिंग ही त्याची जबाबदारी. दुसरा रूळ पडला, थांबवण्याचे कारण संपले, म्हणून स्टेशनही संपले. मी मात्र शेवटच्या पानावर, प्रवासी घटले म्हणून ते बंद झाले, असे ठोकून दिले होते.

“कंपूटरमदी ह्ये दोन्ही येकच असतंय का?” काकांनी विचारले. स्वयंपाकघरातून सूनबाईंचे हसू ऐकू आले. मलाही हसू आवरले नाही.

दोन्ही वाक्ये मी तिथेच पेन्सिलीने बदलली आणि वाचून दाखवली. काकांनी उठून आतल्या खोलीचे दार ढकलले. त्यांचा मुलगा तिथे लॅपटॉपवर ऑफिसचे काम करत होता.

“ते मिटव आन् भाईर ये,” ते त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “पयल्यापास्नं वाचा, ताई. बाप काय काम करायचा, ह्येला ठावं न्हाय.”

मुलगा येऊन बसला. मी पहिले पान वर घेतले.