ग्रीसला फॉल-पिको

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही, आणि अक्षर असे की वाण्याच्या चिठ्ठीलाही चालले नसते. त्याबद्दल माफी मागते. कोणी वाचावे म्हणून हे लिहीत नाही. परवा मुलगी कॉलेजातून आली आणि म्हणाली, यंदा आम्हाला वेस्टर्न सिव्हिलायझेशन आहे, ग्रीकांपासून आजपर्यंत. मी कांदा चिरत होते. माझ्या तोंडून नको तो शब्द गेला. ती हसली, मी हसले नाही. ते सिव्हिलायझेशन दुबईजवळच्या अजमानमधल्या माझ्या हॉलमध्ये पावणेदोन वर्षे मुक्कामाला होते. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे, म्हणून लिहायला बसले.

मंदी आली त्या वर्षाची गोष्ट. माझे मिस्टर एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. मी घरात शिवण करायची. ब्लाउज, परकर, शाळेच्या गॅदरिंगचे कपडे. लायसन नव्हते, पण बिल्डिंगमधल्या अर्ध्या बायका तसेच काहीतरी करायच्या. गणपतीच्या कार्यक्रमात एका पुण्याच्या वहिनींनी माझे काम पाहिले. त्या दुबईत एका इव्हेंट कंपनीत मोठ्या जागेवर होत्या. त्यांनी मला आणि मिस्टरांना बोलावून घेतले.

कोणी एक बिल्डर नवे टॉवर बांधत होता. त्याच्या उद्घाटनाला पाहुणे एका लांब मांडवातून चालत जाणार. दोन्ही बाजूंना आधी ग्रीक लोक उभे, मग रोमन, मग मधल्या काळातले साधू आणि सरदार, मग फ्रान्सची राणी, मग काळ्या कोटातले कारखानदार. आणि मांडवाच्या टोकाला काचेच्या पेटीत त्या टॉवरचे मॉडेल. म्हणजे माणूस अडीच हजार वर्षे धडपडला तो दोन बेडरूमचा फ्लॅट बुक करायला. हे वहिनींनी मला अगदी गंभीरपणे सांगितले.

"कापड तुम्हीच घ्या हो ताई," वहिनी म्हणाल्या. "बिलं ठेवा. कंपनी मजुरीसकट सगळं देते. थोडा ॲडव्हान्स देतेच आहे. आणि तिथे डिझाइनवाल्या गोऱ्या मॅडम असतील, त्यांच्यापुढे तुम्ही काही बोलू नका. मी बोलेन."

मला बोलायला सांगितले असते तरी मी बोलले नसते. चार माणसांत मला बोलणे जमत नाही.

कापड शारजाच्या एका गुजराती शेठकडून घेतले. ॲडव्हान्स पहिल्या गाठोड्यातच संपला. उरलेल्या अठरा हजार दिरहमचा, म्हणजे आपल्या दोन लाखांच्या वरच्या रकमेचा, मिस्टरांनी पुढच्या जानेवारीचा चेक लिहून दिला. तेव्हा तिथे चेक परत गेला की माणूस आत. हे सगळ्यांना माहीत होते आणि तरी सगळे चेक लिहायचे, कारण त्या वर्षी कोणाचे काही बुडत नव्हते.

गोऱ्या मॅडमनी चित्रे पाठवली होती. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने ती भिंतीवर ओळीने चिकटवली आणि खालचे इंग्रजी वाचून दाखवले. मी त्या चित्रांकडे शिंपिणीच्या नजरेने बघितले आणि मला ती माणसे आवडली नाहीत. ग्रीकांनी म्हणे सगळी विद्या शोधली, पण अंगावरच्या कापडाला टाका नाही. मजुरी तर नगावर ठरलेली, आणि बिनशिलाईच्या नगाला वहिनींनी अर्धीच लावली. रोमन साहेबाचा तो पांघरलेला कपडा असा की डावा हात कायम अडकलेला. असला कपडा घालून कोणी पाणी भरत नाही की भांडी घासत नाही. कोणीतरी दुसरे घासत असणार, त्याचे चित्र नव्हते. मधली हजार वर्षे गोणपाट. फ्रान्सच्या राणीचा घेर आमच्या दारातून आडवा करूनही जाईना, हॉलमध्येच शिवला आणि हॉलमध्येच उभा केला. आम्ही तिच्या बाजूला भिंतीला चिकटून जेवायचो.

"आई, शी वॉज बिहेडेड," मुलीने सांगितले.

"म्हणजे?"

"डोकं कापलं तिचं लोकांनी."

मला त्या लोकांविषयी पहिल्यांदा थोडे बरे वाटले.

ग्रीक बायकांसाठी साय रंगाचे सुती कापड होते, सोनेरी काठाचे. पन्हा साडीचा, लांबी साडीची, नेसायचे गुंडाळून. असे कापड हातात आले की आम्ही काय करतो? मी काठाला पिको केला आणि आतून फॉल लावला. हाताने, बारीक टाक्यांनी, एकेक करून सगळ्यांना. मला कोणी सांगितले नव्हते. कोणी नको असेही सांगितले नव्हते. या जादा कामाची मजुरी मिळणार नाही हे माहीत असून केले, कारण फॉल नसेल तर निऱ्या पडत नाहीत.

रमजान संपल्यावर दुबईच्या एका हॉलमध्ये कपडे घालून बघायचे ठरले. रशियन आणि फिलिपिनो मुली ग्रीक होऊन उभ्या राहिल्या. गोऱ्या मॅडम ओळीने बघत आल्या, एकीच्या पायाशी वाकल्या आणि काठ उलटा केला.

"व्हॉट इज धिस?"

वहिनींनी बघितले. मला वाटले आता समजावून सांगतील, आमच्यात असे करतात म्हणून. वहिनी टाळी वाजवून हसल्या. "ओ माय गॉड! यांनी अथेन्सला फॉल-पिको केलंय!" मग इंग्रजीत त्यांना सांगितले, मग तिथल्या मराठी अकाउंटंटला बोलावून पुन्हा सांगितले. "आमच्या शिवणवाल्या ताई हो. उद्या रोमन लोकांना नाडी घालतील." सगळा हॉल हसला. ज्या मुलीच्या पायाशी सगळे वाकले होते तीही हसली.

गोऱ्या मॅडम हसल्या नाहीत. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, सगळे उसवा, कडा कच्च्या पाहिजेत, नाहीतर पैसे नाहीत. मी मान हलवली आणि चाळीस साड्या गाठोड्यात बांधून घरी आणल्या. हो, मी त्यांना साड्याच म्हणते.

उसवायला बसणार तोच सगळे कोसळले. बिल्डरचे काम थांबले, उद्घाटन गेले, गोऱ्या मॅडम लंडनला गेल्या. वहिनी फोन उचलेनात. मिस्टरांच्या कंपनीने निम्मी माणसे घरी पाठवली, उरलेल्यांचा पगार दोन दोन महिने उशिरा. तक्रार तरी कुठे करणार? लायसन नाही, कागद नाही, फक्त बिले. तीही माझ्या नवऱ्याच्या नावावर.

शेठचा मात्र फोन न चुकता यायचा. आवाज अगदी गोड. "बेन, चेक डाल दूँ क्या?"

"रुकिये भाईसाब. देती हूँ, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तो सब बोलते हैं, बेन."

मिस्टरांनी मला कधी हात लावला नाही, पण तेव्हा त्यांची जीभ फार लागली. ते राणीच्या घेराकडे बोट दाखवून म्हणायचे, "तुझा हा इतिहास मला जेलात घालणार. तुला त्या बाईला एकदा नाही म्हणता आलं नाही?"

"चेकवर सही माझी आहे का?" मी म्हणायचे. मनात. तोंडाने म्हणायला मला दोन महिने लागले.

जानेवारीत त्यांनी शेठच्या दुकानात जाऊन हात जोडले. शेठने ठरवले, दर महिन्याला हजार आणा, मी चेक टाकत नाही. एक महिना चुकला की टाकणार. पहिला हप्ता माझ्या बांगड्यांतून गेला.

फेब्रुवारीत वहिनी आल्या. न कळवता, एका पठाण ड्रायव्हरला आणि पिकअपला घेऊन. केस नीट सेट केलेले. मी दाराची साखळी तशीच ठेवून उघडले.

"ताई, ते सगळं कॉश्च्यूम द्या बरं. अबुधाबीची एक पार्टी घेतेय. यल्ला, चला लवकर, गाडी खाली उभी आहे."

"माझे पैसे?"

"अहो, ती पार्टी मला देईल तेव्हा बघू ना. आधी माझाच तीन महिन्यांचा पगार अडकलाय. आणि ही कंपनीची प्रॉपर्टी आहे."

"कंपनी कुठाय?"

"ताई, तुम्हाला यातलं कळत नाही."

शेठचा आवाज माझ्या कानात होता. हे गाठोडे त्या दारातून बाहेर गेले की पुढच्या महिन्याला माझ्याकडे द्यायला काही नव्हते, आणि नवरा आत गेला की आमचे तिघांचेही व्हिसे गेले.

"मला कळतं," मी म्हटले. "कापडाचं बिल आमच्या नावाचं आहे. चेक यांचा आहे. तुमचा एक कागद नाही इथे. पैसे द्या, कापड न्या."

"हळू बोला. शेजारी ऐकतायत."

"ऐकू दे."

"मी सांगू का मग, तुम्ही घरात लायसनशिवाय धंदा करता ते?"

"सांगा. ऑर्डर कोणी दिली ते मी सांगते."

त्यांनी माझ्याकडे असे बघितले, जणू शिलाई मशीनच बोलले. मग म्हणाल्या, "माणुसकी नाही हो तुम्हाला." मी दार लावले. दारामागे जमिनीवर बसले. पिकअप गेल्याचा आवाज ऐकूनच उठले.

त्यानंतर मी तो इतिहास विकायला काढला. लाजच अशी होती की दारोदार जाणे जमेना, म्हणून कपडे धुऊन गॅलरीत वाळत टाकायचे आणि बाजूला कागद लावायचा. मुलीने लिहून दिला. पहिल्यांदा ग्रीक टाकले. खालच्या मजल्यावरची मल्याळी नर्स वर आली, काठ हातात घेऊन उलटा करून बघू लागली.

"चेची, फॉल भी लगा है?"

"हाँ."

"हाथ का?" तिने बोटाने टाके चाचपले. "ओणम के लिए हमको सब ऐसा ही चाहिए. बॉर्डर का डिझाइन नया है. कहाँ का है?"

"बाहर का," मी म्हटले.

ओणम अजून लांब होता, पण तिने हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सांना सांगितले. वर ब्लाउजही मीच शिवले. निम्म्याहून जास्त कर्ज ग्रीसने फेडले. म्हणून त्याच्याविषयी माझे मत बदलले असे नाही. फेडले ते फॉलने आणि नर्सांनी.

रोमन शिपायांचे लाल झगे एका शाळेने झाशीच्या राणीच्या सैन्यासाठी घेतले. साधूंचे गोणपाटी झगे वसईच्या एका बाईने नाताळच्या नाटकातल्या मेंढपाळांना नेले. "बाय, टोपी लावलेले आहेत, पण मेंढपाळाला टोपी कशाला? थोडं कमी कर," म्हणून तिने माझ्याशी अर्धा तास घासाघीस केली. मी एक दिरहम सोडला नाही. राणी मात्र कोणी घेईना. शेवटी एका दुपारी मी कात्री घेतली आणि तिला कमरेपासून उभी कापली. साटीनचे पोरींचे फ्रॉक निघाले, वाढदिवसाला खपले. कापताना मला फार बरे वाटले, हे लपवत नाही.

काळे कोट सर्वांत शेवटी गेले. एका केटरिंगवाल्याला वेटरसाठी हवे होते. तो कोट झटकून बघत म्हणाला, "एकदम इंग्लिश लगता है." मी म्हटले, पैसे आत्ताच, सगळे. त्याने दिले.

ते घेऊन मी एकटीच बसने शारजाला गेले. मिस्टर येतो म्हणाले, मी नको म्हटले. शेठने नोटा दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि खालच्या कप्प्यातून चेक काढून माझ्यासमोर ठेवला. "बेन, पूरा हो गया. आप जैसा आदमी नहीं देखा. बैठो, चाय पियो. नया माल आया है, उधार में ले जाओ."

"चाय नहीं," मी म्हटले. "उधार भी नहीं."

चेक मी त्याच्याच काउंटरवर बारीक फाडला. अठरा हजार दिरहम, पूर्ण फिटले.