फळीवरचा वाडगा

चिनीणबाई जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याचा भुरका ऐकत. आत चुलीपुढे बसून बाहेरच्या दोन बाकड्यांवर कान ठेवायच्या. कुणाचा आवाज आला नाही की हातातला पळा तसाच घेऊन दारात यायच्या आणि विचारायच्या, "का वो? ग्वाड न्हाई लागलं?" तो बिचारा नवखा असायचा, चारचौघांत भुरके कसे मारावेत म्हणून ओठ मिटून खात असायचा. "वढा की! रस्सा हाय त्यो, औषध न्हाई गिळायला," असं दटावून त्या उभ्याच राहायच्या. त्याने एक सणसणीत भुरका मारला, की मग आत जायच्या.

खरं तर त्या चिनी नव्हत्याच. चीनच्याही खाली, समुद्रापलीकडच्या सायगावच्या होत्या. पण नगरच्या बाजारात नकाशा कोण उघडून बसतो? डोळे बारीक, नाक बसकं, झाली चिनीण! त्यांचा नवरा शमुवेल दुसऱ्या महायुद्धात फौजेचा ड्रायव्हर होता. लढाई संपता संपता त्याची तुकडी सायगावला गेली. तिथल्या ख्रिस्ती देवळात तो रविवारच्या प्रार्थनेला जायचा, बाईही यायच्या, आणि तिथेच पाद्र्यासमोर लग्न लावून तो बायकोला घेऊन थेट नगरच्या ख्रिस्ती वस्तीत आला. आल्यावर तो नगर-नेवासा सर्व्हिस मोटार चालवू लागला. बाईंना मराठी शिकवली सासूने, आणि सासू जामखेडकडची. त्यामुळे या बाईच्या तोंडून 'लई' आणि 'न्हाई' ऐकून नवा माणूस खातच थांबायचा.

बाईंचे वडील सायगावात गाडीवर जो शेवयांचा रस्सा विकायचे, तोच बाईंनी नगरात सुरू केला. पाटी नाही, नाव नाही, घराची पुढची खोली हीच खानावळ. तांदूळ भिजवून वाटायचा, पातेल्यावर ताणून बांधलेल्या फडक्यावर त्याची पातळ पोळी वाफवायची आणि सुरीने तिच्या पट्ट्या कापायच्या. बोकडाची हाडं पहाटेपासून मंद आचेवर. निखाऱ्यावर भाजलेलं आलं आणि कांदा, दालचिनी, चक्रीफूल. त्यांच्याकडे माशांचं खारं पाणी घालतात म्हणे. ते नगरात कुठलं! बाई बाजारातली सुकट भिजवून, गाळून ते पाणी घालायच्या. तामचिनीच्या वाडग्यात शेवया, त्यावर उकळता रस्सा, वर चिरलेली कोथिंबीर आणि हाताशी लिंबाची फोड. कुणी घाई केली तर म्हणायच्या, "घाई आसंल त्येला मी पानी देते. रस्सा न्हाई देत."

मी तेव्हा नगरला प्राथमिक शाळेत मास्तर होतो. घर नेवाशाजवळच्या खेड्यात, घरी शेती आणि विधवा आई. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शमुवेलच्या मोटारीने गावी जायचो. मोटार सुटायला वेळ असायचा. एकदा शमुवेलच म्हणाला, "गुरुजी, रिकाम्या पोटी कशाला जाता? घरी चला, दोन घास खाऊन जा." मी गेलो. पण त्या शनिवारी नाही, पुढच्या. मधल्या आठवड्यात मी कल्हई केलेला एक पितळी वाडगा पिशवीत टाकून ठेवला होता.

कशासाठी, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. शमुवेलचा आजा धर्म बदलायच्या आधी कोण होता हे मला ठाऊक होतं, आणि मी पाटलाच्या भावकीतला. त्यांच्या घरचं पाणी, त्यांच्या हातचा रस्सा, त्यांचंच मीठ, भांडं तेवढं माझं! काय म्हणावं या शहाणपणाला? ट्रेनिंग कॉलेजात मी सहभोजनावर निबंध वाचला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण गावात कुणी विचारलंच, तर 'भांडं माझंच होतं' असं सांगायची सोय मला हवी होती.

पहिल्या दिवशी मी पिशवीतून वाडगा काढून पुढे केला तेव्हा सासूबाईंनी, आम्ही त्यांना आजी म्हणायचो, नुसती मान खाली घातली. शमुवेल उगीच मोटारीचा पाना शोधायला लागला. चिनीणबाईंचा चेहरा मात्र खुलला. त्यांनी दोन्ही हातांनी वाडगा घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे बघून हसल्या. मला वाटलं, नव्या आहेत, पितळेचं कौतुक वाटलं असेल.

तिसऱ्या शनिवारी खाऊन झाल्यावर मी वाडगा विसळायला उठलो, तर त्यांनी तो हातातून ओढूनच घेतला. "भाऊ, ह्यो कशाला पिशवीत हिंडवता? ऱ्हाऊ द्या हितंच." आणि सांगू लागल्या. त्यांच्या वडिलांच्या गाडीवर रोजची दोन-तीन म्हातारी माणसं यायची. ती आपापला वाडगा तिथेच ठेवून जायची. परक्याने गाडीवरच्या वाडग्यात खावं. ज्याचा वाडगा आपल्याकडे राहतो, तो घरचा. "माझ्या बापाला लई अभिमान हुता त्या वाडग्यांचा," त्या म्हणाल्या. वडील लढाईतच गेले होते. मागे राहिलेल्यांचं पत्र येत नव्हतं. "मला वाटलं, हितं कोन ठेवनार आपल्यात वाडगा? तुमी तर आपनहून आनलात."

शमुवेलकडून त्यांनी एक फळी ठोकून घेतली आणि माझा वाडगा तिच्यावर एकटाच ठेवला. दर शुक्रवारी चिंचेने घासून लख्ख करायच्या. बाकड्यावरच्या कुणी त्याला हात लावला तर ओरडायच्या, "त्यो गुरुजीचा हाय! गुरुजी घरचं मानूस हाय आमच्या." बाकड्यावर असायचे शमुवेलचे दोस्त, वस्तीतले, फौजेतून परत आलेले. ते एकमेकांकडे बघून मिशीत हसायचे. त्यांना सगळं कळत होतं. एकट्या बाईंना कळत नव्हतं. आणि मी मान खाली घालून भुरके मारत होतो. रस्सा इतका चांगला असायचा की लाजही त्याबरोबर खाली जायची. निदान मोटारीत बसेपर्यंत तरी.

एकदा बाई पाणी आणायला गेल्या असताना आजी माझ्यासमोर येऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, "गुरुजी, वाडग्याचं तिला ठावं न्हाई. आमी सांगितलं न्हाई. लई लांबून आलीया ती, मन मोडंल तिचं. तुमाला दोष न्हाई देत मी. रीतच हाय ती, आमी काय आज बघतोय व्हय? पर एक करा. तिला कुनी सांगायच्या आत तुमचं तुमीच त्यो वाडगा घरला न्या, अन् आमच्या भांड्यात खावा. हसत हसत करा, तिला काय बी कळनार न्हाई."

किती सोपी वाट दाखवली होती म्हातारीने! "हो आजी, पुढच्या शनिवारी," मी म्हणालो. पुढच्या शनिवारी बाकड्यावर नेवाशाचा एक ओळखीचा माणूस होता. त्याच्या पुढच्या शनिवारी मोटारीची घाई होती. मग आजी विचारीनाशा झाल्या आणि मला ते बरंच वाटलं. असं वर्ष गेलं.

मग आईला ताप येऊ लागला म्हणून मी तिला नगरला माझ्या खोलीवर आणलं. गावी जाणं थांबलं, तसे दोन शनिवार चुकले. तिसऱ्या शनिवारी दुपारी आई जरा उठून बसली होती. तोंडाची चव गेली म्हणून तिने स्वतःच हुलग्याच्या पिठाच्या लांब वळ्या करून शेंगोळे केले होते, लसूण घातलेल्या झणझणीत रश्शात. आम्ही जेवायला बसणार, तेवढ्यात दारात चिनीणबाई. एका हातात कडीचा डबा, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"आई, मी गुरुजीची भैन," त्या म्हणाल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "शमुवेल ड्रायव्हरची बायको. ख्रिस्ती वस्तीतली." विचारलं होतं का मला कुणी? पण मी सांगितलं. आधी तेच सांगितलं.

आईने पदर सावरला. दारी आलेल्याला उपाशी पाठवणारी ती नव्हती. "बस तिथं वट्यावर. आलीस तशी खाऊन जा," म्हणाली. बाई ओट्यावर बसल्या. आत वाकून त्यांनी पातेल्यात पाहिलं आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या, "भाऊ! हे तर आमचंच की! शेवया अन् रस्सा!" मग त्यांनी फडकं सोडलं. आतून तामचिनीचा वाडगा निघाला, काठाला निळी रेघ असलेला, त्यांचा स्वतःचा. घरच्या माणसाकडे जाताना इथे आपला वाडगा न्यायचा असतो, असं त्या बापडीला वाटलं होतं. शिकवलं कुणी? मी. तो इथेच ठेवून जायचा म्हणून आणला होता त्यांनी.

आईचा चेहरा एकदम निवळला. "शानी हाय गं बाई!" ती म्हणाली. "आपलं भांडं संगं घिऊन आली. न्हाईतर आजकाल कोन पाळतंय? आमाला इचारायची बी पाळी आनली न्हाईस बघ." आणि पळी हातभर वर धरून, वाडग्याला लागू नये अशी, तिने वरून शेंगोळे वाढले. उकळत्या रश्शाचे शिंतोडे बाईंच्या अंगठ्यावर उडाले.

बाईंनी हात हलवला नाही. त्यांनी पळीकडे पाहिलं, मग वाडग्याकडे, मग माझ्याकडे. मी काय करायला हवं होतं? उठून त्यांच्याशेजारी ओट्यावर बसायला हवं होतं, एवढंच. चार पावलं होती. मी उंबऱ्याच्या आत पाटावर बसून राहिलो.

त्यांनी सगळं खाल्लं. एकही भुरका न मारता, ओठ मिटून. खाऊन झाल्यावर आईने तांब्यातून वरून पाणी ओतलं, त्यांनी आपला वाडगा आपण विसळला, फडक्यात बांधला. "लई ग्वाड हुतं, आई," म्हणाल्या आणि गेल्या. आईने त्या बसल्या होत्या तिथे पाणी शिंपडलं.

"त्यो डबा वतून ये मागं," आई म्हणाली. मी डबा घेऊन परसात गेलो. झाकण उघडलं, वाफ आली. आजाऱ्यासाठी म्हणून तिखट न घातलेला, दोनदा गाळलेला रस्सा होता. भिंतीआड उकिडवा बसलो आणि डब्याला तोंड लावून मी तो सगळा प्यायलो. वर्षभरात त्यांच्या भांड्याला माझं तोंड लागलं ते असं, चोरून. नंतर आत येऊन आईला म्हणालो, "ओतला."

पुढच्या शनिवारी डबा परत घेऊन गेलो. वाटेत काय काय बोलायचं ते घोकत होतो. बाईंनी नेहमीसारखंच वाढलं, पळा वर धरला नाही, रागाचा एक शब्द नाही. बाहेर येऊन फक्त विचारलं, "गुरुजी, आजून शेवया घालू का?" वर्षभर मी त्यांचा भाऊ होतो. गुरुजी त्या मला दुसऱ्यांपाशी म्हणायच्या, माझ्यापाशी कधी नाही. मी "नको" म्हणालो. खाऊन झाल्यावर त्यांनी वाडगा धुतला, पुसला आणि माझ्या पिशवीत ठेवला. "आपलं भांडं आपल्या घरी बरं," म्हणाल्या. आजी चुलीपाशी होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

मी पुन्हा गेलो नाही. शाळा-तपासणी आहे, आईची तब्येत आहे, कारणं काय, ढिगाने सापडतात! काही महिन्यांनी कळलं, शमुवेलला पुण्याला नोकरी लागली आणि बाई त्याच्याबरोबर गेल्या. बाकडीही विकली.

घर आवरायला आजी मागे राहिल्या होत्या. त्या मला भाजीबाजारात भेटल्या. मीच चुकवून जाणार होतो, पण त्यांनी हाक मारली. पुण्याचं बरं चाललंय म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "जायच्या आधी सून इचारत हुती. 'आई, बाकड्यावरचे समदे हसायचे, ते कुनाला? मला व्हय? मी चिंचंनं वाडगा घासायची, ते बघून हसायचे?' मी म्हनलं, न्हाई गं, गुरुजीला हसायचे. पर तिला काय पटलं न्हाई. रडली लई." आजींनी टोपली खाली ठेवली. "पत्ता हाय माझ्यापाशी. गुरुजी, तुमी ल्हिता का तिला दोन वळी? तुमचं पटंल तिला."

बाजारात दुपारची गर्दी होती. आमच्या शाळेतले दोन मास्तर समोरून येत होते.

"भाव काय झालाय हो वांग्यांचा, आजी?" मी विचारलं.

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग टोपली उचलून तिने वांग्यांचा भाव सांगितला.