डुकरिणीचा नेम

बँकेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, नाहीतर गुडघ्यांचे डॉक्टर शोधतात. मी डुकरं सांभाळते. कवठे महांकाळच्या पुढं, जतच्या रस्त्याला, सोडवून आणलेल्या जनावरांचं एक आसराघर आहे. आठवड्यातून चार दिवस मी सांगलीहून एसटीनं तिथं जाते. पहिल्या दिवशी कंडक्टरनं विचारलं, "डुकरं? म्हंजे इकता व्हय?" म्हटलं, नाही. "मग खाता?" म्हटलं, आम्ही जैन आहोत. त्यानं तिकीट फाडून दिलं आणि उतरेपर्यंत माझ्याकडं वळून बघितलं नाही.

आमची सहाही डुकरं बंद पडलेल्या एका शेडमधून आलेली. पांढऱ्या कातडीची, त्यामुळं जतच्या उन्हात भाजून निघतात. चिखल हा खरा उपाय, पण जिथं माणसं टँकरची वाट बघतात तिथं डुकरांसाठी चिखल करायचा म्हणजे शिव्या खायच्या. म्हणून धुण्याभांड्याचं पाणी साठवून जेमतेम एक खड्डा ओला ठेवतो, आणि रोज सकाळी खोबरेल तेलात हळद कालवून सगळ्यांच्या पाठी चोळतो. दीडशे किलोची नवरी पिवळीधमक होऊन समोर उभी राहते आणि वर माझ्याच पदराला तोंड पुसते.

हळद आमच्या घरच्या पेढीवरची. ती निवडून, डब्यात भरून देतात माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणते. वय अठ्ठ्याहत्तर, साखरेचा आजार आहे, पण नेम कडक. कांदा, बटाटा, लसूण घरात येत नाही. दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. सासरे होते तोवर दोघं साडेपाचला शेजारी शेजारी बसून जेवायची. ते गेल्याला चार वर्षं झाली. आता त्या साडेपाचला एकट्या स्वयंपाकघरात भिंतीकडं तोंड करून अर्धी भाकरी खातात, आणि आम्ही बाकीचे नऊ वाजता टीव्हीसमोर. अर्धीच का, असं कुणी विचारलं की आम्हीच उत्तर द्यायचो, वय झालं. जेवताना तोंडाचा आवाज मात्र त्यांना खपत नाही. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच पंगतीत मी पापड मोडला होता, त्याचा हिशोब माझ्या माहेरापर्यंत गेला.

गेल्या थंडीत आमच्या दोन बहिणी-डुकरिणींतली थोरली वारली. दोघी एकाच कोठीत राहायच्या, एकाच घमेल्यात जेवायच्या. ती गेली आणि धाकटीनं तोंड मिटलं. भरडा नाही, गूळ नाही, केळी नाहीत. नुसतं पाणी. दुसऱ्या डुकरांत सोडली तर त्यांनी कान चावून परत पाठवली. चौथ्या दिवशी जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "सुया देऊन काही होणार नाही. आज पोटात काही गेलं नाही तर आशा सोडा." मला रडू आलं आणि रागही आला. मेलीला काय कमी केलं होतं?

नेमक्या त्या दिवशी आत्ती हळद आणि आमच्या दोघींच्या जेवणाचा डबा घेऊन माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी कोठीच्या दारातूनच धाकटीकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आजारी न्हाई ती. तिनं कायतरी नेम धरलाय."

हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमचे दिगंबर महाराज आहाराला निघतात तेव्हा मनात एक नेम धरून निघतात आणि तो कुणाला सांगत नाहीत. दारात नारळ घेतलेलं जोडपं दिसलं तर थांबायचं, असं काहीतरी. नेम जुळला नाही तर तसेच उपाशी परत. म्हणून दारोदारी माणसं हातात वेगवेगळ्या वस्तू घेऊन उभी असतात, आणि महाराजांचा आहार होईपर्यंत स्वतः घास घेत नाहीत.

"आत्ती, डुक्कर आहे ते," मी म्हटलं.

"म्हाराजांची बरोबरी करत न्हाई मी, क्षमा असावी," त्यांनी कानांना हात लावला. "पण जीव हाय. जीवाचा बी नेम असतोय. लाव रांग. आणि तिनं खाल्ल्याशिवाय मी बी खाणार न्हाई."

झालं. आता एक उपाशी होती तिथं दोन झाल्या, आणि दुसरीला साखर. दिवस मावळला की ती उद्या सकाळपर्यंत तोंड उघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रांगेत आम्ही तिघं. आत्तींच्या हातात तांब्यावर नारळ, माझ्या हातात ऊस, आणि तिथं राहून जनावरं बघणारे मामा रताळं घेऊन. मामा जतकडचे, जन्मभर मेंढरं राखलेले. रताळं जमिनीखालचं म्हणून आत्तींनी आधी हरकत घेतली, मग म्हणाल्या, "धरा तुमी, मी तिकडं बघत न्हाई." धाकटीनं एक डोळा उघडून मिटला. मग जागा बदलल्या. मग मामांना फेटा काढायला लावला, मग परत घालायला लावला. पेरू झाले, भिजवलेले हरभरे झाले. मध्येच डॉक्टरांचा फोन, काय करताय? "रांगेत उभे आहोत," मी सांगितलं. ते ठेवतो म्हणाले.

चार वाजता मामांनी रताळं खाली ठेवलं. "आवं आक्का, माजा नेम येकच. भूक लागली की खायाचं."

"मुकं जनावर उपाशी, आणि तुमच्या घशाखाली उतरंल व्हय?"

"उतरतंय की. कवाबी उतरतंय."

उन्हाला कंटाळून ते कोठीतच, धाकटीला पाठ टेकून बसले. फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. मामांची कवळी सैल आहे. ते जेवतात तेव्हा चपला घालून चिखलातून माणूस चालल्यासारखा आवाज येतो. आत्तींनी डोळे मिटून घेतले.

धाकटीचे कान हलले. मग मान वर झाली. मामांना कळायच्या आत तिचं नाक त्यांच्या फडक्यात होतं. ती मचामचा खायला लागली. मामा थांबले की ती थांबायची. ते चावायला लागले की ती चावायची. थोरली अशीच जेवायची, सगळ्या आवारात ऐकू जाईल अशी. इतकी वर्षं आम्ही रोज ते ऐकलं होतं, आणि चार दिवस त्या दोघींतला आवाज गेलाय हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मामा, थांबू नका!" मी ओरडले. मामांनी भरल्या तोंडानं हात जोडले. दोघांनी मिळून चार भाकऱ्या संपवल्या.

"कांदा बी खाल्ला तिनं?" आत्तींनी विचारलं.

"खाल्ला."

"असूदे. तिच्या नेमात असंल." त्या खाली बसल्या. सूर्य बाभळीच्या बुंध्याला टेकला होता. मी घाईघाईनं जेवणाचा डबा उघडला आणि त्या धाकटीच्या शेजारी, भिंतीकडं तोंड न करता जेवल्या. दोन भाकऱ्या जेवल्या. घरी अर्धी खाणारं माणूस. मी मोजत होते आणि माझी मान खाली गेली. एका डुकरिणीसाठी मी दिवसभर ऊस धरून उभी राहिले होते.

त्या दिवसापासून मामा दोन्ही वेळा धाकटीबरोबर जेवतात. दोघांचीही वजनं वाढलीत.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी ताट वाढून घेतलं आणि स्वयंपाकघरात आत्तींच्या शेजारी बसले.

"तुला आत्ताच भूक लागली?"

"लागली."

त्या भिंतीकडून माझ्याकडं वळल्या. मी शिस्तीत, ओठ मिटून जेवत होते. दोन-चार घास त्यांनी बघितलं. मग पापडाचा डबा माझ्याकडं सरकवला.

"अशी गप का जेवतीस गं?" त्या म्हणाल्या. "जरा आवाज कर की."