उंबऱ्याजवळच्या चपला

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाइतका विस्कळीत माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल. घडवला असेल तर आदिलाबादेत पाठवला नाही, एवढी दया माझ्यावर केली. भाऊजी घरात शिरले की एक चप्पल उंबऱ्याजवळ, दुसरी त्यावर उलटी. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं; वस्तू जागेवर नसली की मला घास उतरत नसे. तीस वर्षं मी त्या चपला उचलून फळीवर जोडीने ठेवल्या. "वैनी, एक दिवस तुमी मलेबी फळीवर ठेवसान," ते म्हणायचे.

ऐंशी सालानंतर त्यांचा उद्योग म्हणजे जवळच्या मावला गावातल्या घरांवर टीव्हीचे अँटेना बसवणं. छपरावरून "दिसून राह्यलं का?" म्हणून ओरडायचे आणि चित्र आलं की खाली येऊन घरच्यांच्या आधी समोर बसायचे. एकदा हैदराबादहून टीव्हीवाले कापसावर कार्यक्रम करायला आले. त्यांना इंद्रवेल्लीची वाट दाखवायला भाऊजी जीपमध्ये बसले, ते सात वर्षं उतरलेच नाहीत. साहेबांशी तेलुगू, पटवाऱ्याशी उर्दू, शेतकऱ्याशी आपली बोली. बैल म्हणा, विहीर म्हणा, बोलका म्हातारा म्हणा, सगळं तेच जमवत. शेवटी "बोंडअळी किती दिवस दाखवू?" म्हणत नव्वद सालानंतर ते स्वतःच्या चित्रपटाचे निर्माते झाले. दिग्दर्शक परवडेना, म्हणून तेही झाले.

"टीव्हीची टेप पुसून वापरता येते, वैनी. फिल्मचं तसं नाही, गेलं ते गेलं. तुमी शिकल्यासवरल्या, नोंद तुमीच ठेवा." कुठल्या दृश्यात काय कुठे होतं, ते लिहायचं, म्हणजे पुढचा तुकडा घेताना सगळं तसंच राहतं. मी बांगड्यासुद्धा मोजून लिहिल्या. शेवटचं दृश्य आमच्याच दारात होतं: म्हातारी आई मुलाची वाट पाहते, मुलगा येत नाही. आधी आई, मग रिकामा रस्ता, मग पुन्हा आई. फिल्मचा शेवटचा डबा उरला होता. "इथं बाया रडल्या पायजे," भाऊजी म्हणाले, "नाही तर मी परत छपरावर."

थेटरात बायांनी पदर डोळ्यांना लावलेही. रस्ता दिसला, पुन्हा आई दिसली आणि मागून आवाज आला, "अगे माय, पोरगं येऊन गेलं वाटते! चपला कुठी गेल्या?"

सगळं थेटर हसलं. आईला पहिल्यांदा टिपलं तेव्हा भाऊजींच्या चपला उंबऱ्याजवळ पडल्या होत्या. ते रस्ता टिपायला गेले तेव्हा मी त्या फळीवर ठेवल्या होत्या. वहीत त्यांचा उल्लेख नव्हता. पसारा मी लिहीत नसे, आवरत असे.

बाहेर आल्यावर मी कबूल केलं. ते म्हणाले, "काऊन रडता, वैनी? लोकं चपलांपर्यंत पाहून राह्यले होते. माह्या बोंडअळीला तर झोपत." त्या थेटरातून रडत बाहेर पडलेली बाई मी एकटीच.

पुढच्या आठवड्यात भाऊजी खरंच छपरावर चढले. दुसरा चित्रपट त्यांनी काढला नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाऊजी गेले. त्या चित्रपटाची कॅसेट माझ्याकडे आहे. सगळ्यांना पडद्यावर आणणारा हा माणूस स्वतः त्यात कुठेच नाही. फक्त शेवटी त्यांच्या चपला दिसतात, एक सरळ, एक उलटी. मग रस्ता दिसतो. मग नुसता उंबरा, माझ्या हातचा, स्वच्छ.

आमची फळीही आता नीटनेटकी असते. मी कॅसेट मागे नेते आणि चपलांवर थांबवते.