पहिल्या नंबराची बाग

अंबरनाथला आमच्या कारखान्याच्या कॉलनीत दर जानेवारीत बागांची स्पर्धा असायची. ऑफिसरांच्या बायकांना काहीतरी उद्योग हवा म्हणून कोणीतरी काढलेली टूम होती ती. ज्यांच्याकडे माळी होता त्यांचे नंबर यायचे आणि ज्यांच्या नखांत माती असायची त्या टाळ्या वाजवायच्या. मी आणि माझी शेजारीण, आम्ही वर्षानुवर्षं टाळ्याच वाजवल्या.

आमच्या दोन क्वार्टरांमध्ये मेंदीचं कुंपण होतं. मी बडबडी, ती मुकाट. मी नर्सरीतून विकत आणलेलं रोप आठवड्यात मान टाकायचं आणि तिने कुठूनतरी तोडून आणलेली काडी मातीत खोचली तरी तिला पालवी फुटायची. मी तिच्यावर जळायचे आणि तसं तोंडावर सांगायचेही. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी डालड्याच्या डब्यात एखादं कलम लावून कुंपणावरून माझ्या हातात द्यायची.

माझ्या सासूबाईंना पोटाचा कॅन्सर झाला तेव्हा मला माणसं कळली. माझ्या नणंदा ठाण्याहून सफरचंदं आणि सल्ले घेऊन यायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत जायच्या. ही मात्र रोज दुपारी स्वयंपाकघर आवरून यायची आणि मला म्हणायची, जा, पड जरा. सासूबाईंच्या उलटीचं भांडं तिने न सांगता उचललं, धुतलं, जागेवर ठेवलं. सासूबाईंना मोगरा आवडतो हे कळल्यावर त्यांच्या खिडकीखाली तिने मोगरा लावला. त्या गेल्या त्या वैशाखात तो नुसता भरून आला होता. त्यानंतर तिने जे मागितलं असतं ते मी दिलं असतं, पण ती मागणाऱ्यातली नव्हती.

पुढे दोनेक वर्षांनी, पाऊस सरता सरता, तिच्या नवऱ्याला कामावरच अर्धांगवायूचा झटका आला. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात बरेच दिवस काढून त्यांना घरी आणलं. उजवी बाजू गेलेली आणि वाचा बंद. मुलगी दहावीला. मग आम्ही बायकांनी कामं वाटून घेतली. मागच्या ओळीतली एक रोज भाजीपोळीचा डबा द्यायची, दुसरी मुलीला आपल्या मुलीबरोबर क्लासला न्यायची. मी बाग घेतली.

बाग कशाला, माणूस वाचतोय की नाही त्याची पंचाईत आणि हिला फुलं सुचतात, असं आमचे हे म्हणाले. पण ती बाग त्या माणसाची होती. दारापासून फाटकापर्यंतच्या वाटेला त्यांनी स्वतः विटांची तिरकी कड लावली होती, दर दिवाळीला तिला गेरू द्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, चालवा त्यांना. मग ती त्यांना खांदा देऊन त्या वाटेने फाटकापर्यंत न्यायची आणि परत आणायची. प्रत्येक झाडापाशी ते थांबायचे आणि ओठ हलवायचे. एका संध्याकाळी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला तो "जास्वंद". स्वच्छ, आपण म्हणतो तसा. मुलीचं नाव त्यानंतर काही दिवसांनी आलं, आणि आपल्या आधी जास्वंदीचा नंबर लागला म्हणून ती पोरगी हसता हसता रडली.

माझ्या वाट्याला एकच शब्द आला. मी झारी घेऊन आले की ते खुर्चीतून विचारायचे, "पाणी?" मी म्हणायचे, "घातलं, भावोजी." त्यांची मान समाधानाने हलायची. रोजचा शिरस्ता झाला तो.

स्पर्धेसाठी तिचं नाव मी दिलं. ती म्हणाली, कशाला गं, असू दे अशीच. मी ऐकलं नाही. लोक त्या घरी तोंडं पाडून यायचे आणि बाहेर पडल्यावर, घर बसलं हो बिचारीचं, म्हणायचे. मला वाटलं, एकदा तरी त्या फाटकाशी येऊन त्यांनी टाळ्या वाजवाव्यात. बदलापूर गावातल्या गोठ्यावरून मी टेम्पोने शेणखत आणवलं. तिला विचारून विचारून गुलाब छाटले, जास्वंदीवरच्या माव्यावर तंबाखूचं पाणी मारलं, शेवंतीला काठ्यांचे आधार दिले. नळाला बारवी धरणाचं पाणी कमी दाबाने यायला लागलं की तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी साठवून घालायचे. माझ्या स्वतःच्या कुंड्या त्या वर्षी करपल्या.

परीक्षक होत्या मोठ्या साहेबांच्या बायको. त्यांनी फाटक उघडलं आणि त्या थांबल्याच. मग वाटेवरून दोनदा फिरल्या. बागेबरोबर त्यांनी घरही विचारलं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का? मागच्या अंगणात किती जागा आहे? ओल धरते का? मी आपली उत्साहाने सगळं सांगत होते. मागचं दारसुद्धा उघडून दाखवलं. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा थर्मास मिळाला. भावोजींना खुर्चीत बसवलं होतं, ते डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होते. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं ते त्याच दिवशी, आणि मी फुशारून घरी गेले.

मार्चमध्ये मुलीची परीक्षा संपायच्या आधीच क्वार्टर सोडायची नोटीस आली. लांबलेल्या आजारपणाच्या रजेवर असलेल्याने क्वार्टर सोडावं असा नियम होता म्हणे. नियम असेलही. नाल्याकडच्या ओळीत एक गृहस्थ अशाच रजेवर किती काळ राहत होते, त्यांच्या दाराशी नुसते दगड आणि गाजरगवत. त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांच्या शेजारची दोन घरं रिकामी होती. तिने अर्ज केला की त्यातलं एक द्या, नवरा चालायला लागलाय, बोलायला लागलाय, वर्षभराचा प्रश्न आहे. ती घरं दुरुस्तीला काढलीत असं उत्तर आलं. हिचं घर मिळणार होतं साहेबांच्या मेव्हण्याला, नुकत्याच नोकरीला लागलेल्या.

आमचे हे म्हणाले, तू यात पडू नकोस, आपल्यालाही इथेच राहायचंय. मी पडले. दुपारी मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर गेले. बाईंनी सरबत दिलं. मी सगळं सांगितलं, त्या वाटेवर ते कसे चालतात, कुठला शब्द कुठल्या झाडापाशी आला. त्यांनी चुकचुकत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, वाईट आम्हालाही वाटतंच. पण एवढी सुंदर बाग, आजारी माणसाच्या घरात किती दिवस टिकणार? ती वाया जाऊ नये म्हणून तर भावासाठी तेच घर मागितलं. नाहीतर आम्हाला काय, कुठलंही चाललं असतं."

कुठलंही चाललं असतं. हे त्या मला, माझ्या हातात त्यांच्या सरबताचा पेला असताना, हसून सांगत होत्या. तिथून घरी येताना मी रस्त्यात मोठ्याने बोलत होते, असं नंतर कोणीतरी मला सांगितलं.

सामान हलायच्या आदल्या संध्याकाळी मी खुरपं घेऊन गेले. एकही गुलाब त्या लोकांसाठी ठेवायचा नाही असं ठरवून पहिल्या झाडाच्या मुळाशी खुरपं घातलं. तिने येऊन ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"उद्या सकाळी यांना एकदा फाटकापर्यंत जायचंय," ती म्हणाली. "तेवढं राहू दे."

बदलापूर गावात त्यांना दोन खोल्या मिळाल्या, परवडल्या तशा. दाराला तीन उंच दगडी पायऱ्या आणि पुढे गल्ली. त्या पायऱ्या त्यांना उतरता येईनात. चालणं खोलीतल्या खोलीत, मग पलंगापासून मोरीपर्यंत, मग तेही राहिलं. शब्द आले होते त्याच ओळीने परत गेले. मी आठवड्यातून एकदा जायचे. एकदा मोगऱ्याची कुंडी घेऊन गेले, तर ती म्हणाली, बाहेर पायरीवरच ठेव, यांना दिसली की उठायला बघतात.

इकडे कॉलनीत जो तो आपापल्या मार्गाला लागला. जी बाई त्यांना डबा द्यायची, तीच मेव्हण्याच्या बायकोकडे गुलाबाच्या काड्या मागायला जाताना मी पाहिली. तिचं तरी काय चुकलं, असं लोक म्हणतात. मला विचाराल तर चुकलं. पुढच्या जानेवारीत पहिला नंबर पुन्हा त्याच घराला मिळाला. त्यांच्याकडे आता माळी होता, रबरी पाइप होता. मी पदराखाली हात घट्ट धरून उभी राहिले. आमच्या ह्यांनी कोपराने ढोसलं तरी टाळी वाजवली नाही.

त्याच रविवारी बदलापूरला गेले. स्पर्धेचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिला माहीत होतं. मुलीच्या मैत्रिणीकडून कळलं होतं. ती चहा गाळत होती. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवसांत ते काहीच बोलत नसत, पाणी हवं असलं तर तांब्याकडे हात करायचे. पण मला पाहून त्यांचे ओठ हलायला लागले.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्यावरून हलेना.

"घातलं हो तिने," मैत्रीण गाळणीवरची नजर न काढता म्हणाली. "जरा जास्तच घातलं."

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि डोळे मिटले. तिने कप माझ्यापुढे ठेवला, आणि मी तो चहा प्यायले.