नर्सबाईंची तळ्याची वाट

निवृत्त होऊन चौथा दिवस उजाडला आणि सकाळी सहाच्या ठोक्याला सुचिताबाई तायडे चपला घालून दारात उभ्या राहिल्या. आतून माणिकरावांनी, त्यांच्या नवऱ्यानं, चष्मा कपाळावर चढवत विचारलं, "आता कोनाले लस द्याची राह्यली वं?"

सोनाळ्याहून निघायचं, शेतं ओलांडायची, सातपुड्याच्या चढाला लागायचं आणि वरच्या वस्त्यांवर जाऊन पोरांना टोचायचं, बाळंतिणींना बघायचं, हे सुचिताबाईंनी नर्स म्हणून एकोणतीस वर्षं केलं होतं. सत्कार झाला, साडी मिळाली, भाषणं झाली. पण पायांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"जा, फिरून ये," माणिकराव म्हणाले. ते शाळामास्तर होते, चार वर्षांपूर्वी घरी बसले होते आणि घरी बसण्याचे पहिले दिवस कसे असतात ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. "मी स्वयंपाकाचं पायतो."

पाय जुन्याच वाटेनं निघाले. संत्र्यांच्या बागा मागं पडल्या, पळस आणि तेंदू सुरू झाले, मग सागाचं रान. तासाभरानं त्या सालईतळ्याच्या बांधावर पोहोचल्या. तळं तसं लहानच. दोन टेकड्यांच्या मध्ये कधीकाळी घातलेल्या मातीच्या बांधानं अडवलेलं, काठानं सालईची झाडं. अभयारण्याची हद्द त्याच्या पलीकडे सुरू होते, म्हणून गुराखी, मासेवाले इथवर येतात. सुचिताबाई या बांधावरून शेकडो वेळा गेल्या होत्या. पण थांबल्या म्हणून नव्हत्या. खांद्याला लशीची पेटी असायची आणि पेटीतला बर्फ वितळत असायचा. पाण्याकडे बघायची त्यांना कधी सवडच झाली नाही.

त्या दिवशी त्या बसल्या. पाणी बांधाजवळ हिरवं होतं, मधोमध खोल, काळसर आणि पलीकडच्या उथळात अगदी मातीच्या रंगाचं. एक खंड्या त्याच फांदीवरून सूर मारत होता आणि दरवेळी रिकामा परत येत होता. सुचिताबाईंना हसू आलं.

"सिस्टर, आज पेटी नाय?" मागून आवाज आला.

दयाराम होता. वरच्या वस्तीतला, साठीच्या आसपासचा भिलाला आदिवासी. मच्छीमार सोसायटीचं जाळं तोच टाकायचा आणि घरच्या कालवणापुरता गळ लावून बसायचा. त्याची तिन्ही लेकरं सुचिताबाईंच्या हातावर जन्मलेली.

"रिटायर झाले दयारामभाऊ."

"मंग बसा निवांत. इतके साल पळतच पायलं तुमाले."

थोड्या वेळानं सुचिताबाईंनी विचारलं, "मले जमंन का हे? गळ?"

दयारामनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. थट्टा नाही हे कळल्यावर त्यानं बांबूची एक सडपातळ काठी तासली, दोरा बांधला, दोऱ्यावर मोराच्या पिसाचा देठ अडकवला. देठ पाण्यावर उभा तरंगतो. तो बुडाला की मासा लागला. गळाला गांडूळ कसं लावायचं तेही दाखवलं. "जाळ्याच्या बाजूनं नका येऊ. इकडं कोनी नाय म्हननार नाय."

पुढचे चार महिने सुचिताबाई आठवड्यातून तीनदा तळ्यावर जात राहिल्या आणि बोटभर मासळीपलीकडे काही मिळालं नाही. हात त्यांचा स्थिर होता, पण देठ जरा थरथरला की त्या झटक्यानं काठी ओढत. दयाराम वैतागायचा. "सिस्टर, तुमी सुई टोचल्यावानी काऊन करता? मासा रडत नाय. थांबा जरासक."

थांबणं त्यांना शिकावं लागलं. गावात मात्र गोष्ट पसरली. नर्सबाई मासे माराले जाते म्हणे, तेबी एकटी, तेबी डोंगरात! काहींना गंमत वाटली, काहींनी नाकं मुरडली. सुचिताबाईंनी मनावर घेतलं नाही. डोंगरातल्या वाटेवर एकटं चालायला त्या तीस वर्षांपूर्वीच शिकल्या होत्या. तेव्हा कुणी तोंड उघडलं नव्हतं, कारण तेव्हा पोरांना लस हवी होती.

फेब्रुवारीत त्यांना पहिली मरळ लागली. हातभर लांब, चिखलाच्या रंगाची, अंगावर काळे पट्टे. पिशवीतून घरी आणताना वाटेत रुखमाबाई भेटल्या. रुखमाबाई त्यांच्याच गल्लीतल्या, शेतकऱ्याघरच्या, वय सदुसष्ट. त्यांचं शेत डोंगराच्या अगदी पायथ्याशी. लग्न होऊन आल्यापासून त्या त्याच शेतात राबत होत्या.

"कुठून आनली वं नर्सबाई?"

"वरच्या तळ्यातून."

"वर तळं हाय?"

सुचिताबाई चकित झाल्या. "तुमाले माहीत नाय? तुमच्या शेताच्या वरच तर हाय."

"आमी कायले जातो वर? डोंगर पायतो रोज. काम खाली, तं आमी खाली." रुखमाबाई मरळीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मलेबी ने एक दिवस."

ही गोष्ट रुखमाबाईंच्या घरी कळली तेव्हा मोठा मुलगा सरळ सुचिताबाईंकडे आला. "बाई, मायचे गुडघे धड नाईत. पडली बिडली तं?" त्याची काळजी खरी होती. सुचिताबाईंनी त्याला बसवलं आणि म्हणाल्या, "मी उद्याच नेतो म्हनलं नाय. आधी तयारी करू. तुमच्या मायच्या गुडघ्याले मी तुमच्याहून जास्त ओळखतो."

तयारी खरोखरच झाली. पहिले पंधरा दिवस शाळेच्या मैदानाला फेऱ्या, मग कालव्यापर्यंत, मग पहिल्या टेकाडापर्यंत. दर आठवड्याला सुचिताबाई रक्तदाब तपासत. रुखमाबाईंच्या प्लास्टिकच्या चपला काढून सुचिताबाईंनी त्यांना त्यांच्याच सुनेचे बूट घालायला लावले. गल्लीत सगळे बघायला उभे. नऊवारीखाली बूट! रुखमाबाई लाजल्या, पण काढले नाहीत.

पहिल्या खेपेला मोठ्या चढाच्या मध्यावर रुखमाबाई एका दगडावर बसल्या आणि मान हलवू लागल्या. "नाय होत माये."

"मंग चाला परत," सुचिताबाई लगेच म्हणाल्या.

रुखमाबाईंना वाटलं होतं, आता ही ओढून नेणार. "म्हंजे? रागावली का तू?"

"कायचा राग? डोंगर कुठं पळून चालला?"

दुसऱ्या खेपेलाही त्याच दगडावरून परतावं लागलं. रुखमाबाई घरी येऊन अंथरुणावर पडल्या तेव्हा सून म्हणाली, आता नका जाऊ. त्यावर सासूबाई इतकंच म्हणाल्या, "बूट धुऊन ठेव."

तिसऱ्या खेपेला सुचिताबाईंनी युक्ती केली. दगड आला तसं त्यांनी रुखमाबाईंना आवलीच्या बाळंतपणाची गोष्ट सांगायला घेतली. आवली ही रुखमाबाईंची धाकटी नणंद. पुराच्या पाण्यात, ट्रॅक्टरवर ती बाळंत झाली होती. रुखमाबाईंना ती गोष्ट नर्सबाईंपेक्षा जास्त माहीत होती. "तसं नाय व्हतं ते!" म्हणत त्या स्वतःच सांगायला लागल्या, हातवारे करत, धापा टाकत, आणि दगड केव्हा मागं पडला ते त्यांना कळलं नाही.

त्या बांधावर आल्या. वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. रुखमाबाईंनी बूट काढले, लुगडं सावरलं आणि घोटाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. किती वेळ तरी. मग मागं वळून बांधाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथून खालचा सगळा मुलूख दिसतो. चौकोन चौकोन शेतं, सोनाळ्याची घरं, रस्त्यावरून जाणारी एसटी.

"आमचं वावर कोनतं?"

सुचिताबाईंनी बोट दाखवलं. "ते पाय, विहिरीजवळ दोन लिंब."

"येवढंसं?" रुखमाबाई म्हणाल्या. डोळ्यावर हात धरून त्यांनी पुन्हा पाहिलं. "माय वं! पंचेचाळीस वर्स मी येवढ्याशा तुकड्यात फिरून राह्यली?"

त्या रडतील असं सुचिताबाईंना वाटलं. पण रुखमाबाई खो खो हसत सुटल्या. इतक्या की पलीकडून दयाराम बघायला आला. त्यानं त्यांच्या हातात काठी दिली. पाच मिनिटांत देठ बुडाला, रुखमाबाईंनी शांतपणे काठी उचलली आणि पावशेराचा रोहू काठावर तडफडू लागला.

"चार महिने लागले मले!" सुचिताबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"त्यायले थांबता येते," दयाराम म्हणाला.

त्यानंतर बायकांची रीघ लागली. आधी गल्लीतल्या तिघी, मग बचत गटातल्या, मग जळगाव जामोदहून पहिल्या एसटीनं येणाऱ्या दोन शिक्षिका. रविवारी पंधरा-सोळा जणी होतात. भाकरी, ठेचा, झुणका फडक्यात बांधून येतात. काही जणी गळ लावतात, काही नुसत्या चालायला येतात, एकजण सालईखाली आडवी होते ती निघेपर्यंत उठत नाही. घरी तिला दुपारची झोप ठाऊकच नाही. सुचिताबाईंचे नियम कडक. खाल्लेल्याचा कागदसुद्धा खाली परत न्यायचा, बोटभर मासा पाण्यात सोडायचा, मधल्या काळ्या पाण्याकडे कुणी जायचं नाही आणि ऊन कलायच्या आत उतरायचं. बुलढाण्याहून एकदा मोठा स्पीकर घेऊन काही तरुण आले होते. सुचिताबाई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. जवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं बंद करा, मी काय ऐकते ते तुमीबी ऐका. मंग पटलं तं लावा." पाच मिनिटांनी स्पीकर पिशवीत गेला. त्यातली मयुरी नावाची मुलगी अजूनही महिन्यातून एकदा येते.

गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी सुचिताबाईंना ताप होता. उठवत नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला, आज जाणं रद्द. निरोप्या परत आला तो सांगत, "सगळ्या गेल्या. रुखमाबाई घेऊन गेल्या."

सुचिताबाई अंथरुणात उठून बसल्या. "उतारावर कोनी घसरलं तं? काळ्या पाण्याजवळ कोनी गेलं तं?" माणिकरावांनी गोळी आणि पाणी पुढं केलं. "एकोणतीस वर्षं तू एकटी जायची, तवा मी असाच वाट पायत बसून राहत होतो," ते म्हणाले. "आता तू बस."

दुपारी तीनला गल्लीत गलका झाला. सुचिताबाई भिंतीचा आधार घेत दारात आल्या. सगळ्या जणी होत्या. त्यांनी दोनदा मोजल्या. पुढं रुखमाबाई, बुटांवर चिखल, हातात कचऱ्याची गोणी.

"दयाराम म्हने, सिस्टर नाय, तं तुमी वर कशा आल्या? म्या म्हनलं, पायानं!" रुखमाबाई ओट्यावर टेकल्या आणि सुचिताबाईंच्या कपाळाला हात लावला. "हे काय वं, अंग तापून राह्यलं अन् दारात उभी? जा, आंग टाक. पुढच्या रविवारीबी येऊ नको. मी हाय ना."

सुचिताबाई निमूट आत गेल्या. पांघरूण डोक्यावर घेतलं, तरी बाहेरचा तो रुबाबदार आवाज त्यांना ऐकू येत होता: गोणी कुणी कुठं रिकामी करायची, गळ कुणी धुवायचे आणि पुढच्या खेपेला कुणी उशीर करायचा नाही.